लांडगिणीचं दूध

लांडगीण सापळ्यात सापडली त्या सकाळी थोरलीला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावणं आलं ते तिच्या घोंगडीला. भूल दिली की जनावराचं अंग गार पडतं, काहीतरी जाड पांघरूण आणा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि धाकटा दीर धावत येऊन बरोबर वहिनीचीच घोंगडी उचलून निघाला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला तो पहिल्यापासून पटाईत. घोंगडी परत येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून थोरली तिच्या मागोमाग गेली.

मेंढरांच्या वाडग्याशेजारच्या छपरात दाराची फळी बिजागरीतून काढून दोन दगडांवर आडवी टाकली होती आणि तीवर लांडगीण निजली होती. डोळ्यांवर फडकं, तोंडाला पट्टी, जीभ एका बाजूने बाहेर. थोरलीने इतक्या वर्षांत तिला नेहमी लांबून पाहिलं होतं, उतरणीवरून तिरकं पळताना. जवळून पाहिली तर ती भलतीच बारीक निघाली. थंडीतल्या केसांचा सगळा फुगवटा, आत बरगड्या. पुढच्या पायाला सापळ्याचा वळ होता, पण कातडं फाटलं नव्हतं. सापळ्याच्या दातांना थोरलीच्या नवऱ्याने आपल्या हाताने चिंध्या गुंडाळल्या होत्या.

सापळा लावायचं काम त्याच्याकडे आलं ते तिच्या वाटा त्याला पाठ होत्या म्हणून. टोळीत माद्या असतात तीन-चार, पण झुडपावर पाय उचलून मुतते ती एकटी मालकीण, बाकीच्या बसून. त्या झुडपाशी त्याने सापळा पुरला होता. मागल्या साली तिच्या पिल्लांच्या भुकेपायी कोकरांचा निम्मा कळप गेला होता. आणखी एक असा हंगाम आला असता तर उरलेली मेंढरं विकून दोघा भावांना दगडाच्या खाणीवर जावं लागलं असतं, आणि हे घरात सगळे जाणून होते. धाकट्याचं म्हणणं, विष घालू. पण लांडगा मारायला बंदी आली होती, आणि सासऱ्यांनाही ते पटत नव्हतं. ओळखीचा चोर बरा, असं ते म्हणायचे. हिला मारली तर डोंगर मोकळा होईल आणि चारी बाजूंनी उपरे येतील.

डॉक्टरबाईही तेच बोलल्या, फक्त त्यांच्या भाषेत. पिल्लं होतात ती एका जोडीलाच. लेकी-बहिणी हिच्या धाकात असतात, त्या स्वतः वीत नाहीत, हिची पोरं सांभाळतात. म्हणून हिच्या नळ्या फक्त बांधायच्या, काढायचं काही नाही. ती माजावर येईल, नर तिला सोडणार नाही, दोघं मिळून आपली हद्द राखतील. तिचं वागणं सगळं तसंच राहील. पिल्लं तेवढी होणार नाहीत, आणि पोरांची भूक नसली की मोठे लांडगे सशा-उंदरांवर भागवतात.

"नर सापडला असता तर त्याचीच केली असती," त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या. "नराची सोपी असते. पण तो सापडत नाही."

"नर कधी सापडतो?" थोरली म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या. थोरलीचा नवरा मागचे पाय धरून उभा होता, त्याने मान वर केली नाही.

पोटावरचे केस भादरले होते. तिथलं कातडं गुलाबी, अगदी लहान मुलाच्या अंगासारखं. डॉक्टरबाईंनी बोटभर चीर घेतली. थोरलीला डोकं धरायला सांगितलं होतं, ते तिने धरलं, आणि चीर कुठे घेतली ते नीट पाहिलं. मग सहज सांगावं तसं म्हणाली, "माझीही इथेच आहे."

मुलं किती, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. बायका विचारतात तसंच. एक मुलगी, ती नांदते आहे. मुलगा होता. त्यानंतर टाके घालेपर्यंत छपरात फक्त कात्रीचा आवाज येत राहिला.

त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. मुलीच्या पाठचा मुलगा, दोन पुरे झाली, गावात नसबंदीचं शिबिर आलं होतं. नवऱ्याने करून घेतली असती, तशी बोलीही झाली होती, पण नेमक्या त्याच दिवसांत मेंढ्या विणार होत्या आणि त्याला डोंगर सोडून चालणार नव्हतं. मग तीच गेली. तोच तिला घेऊन गेला, परत येताना मुलगा त्याच्या खांद्यावर होता. पुढे तापाची साथ आली आणि अंगावर पिणारा तो मुलगा दोन दिवसांत गेला. कुणी कुणाला बोल लावला नाही. लावला असता तर भांडण झालं असतं, रडणं झालं असतं, आणि कदाचित त्यातून काही निघालंही असतं. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसं चाललं ते चाललंच.

भूल उतरू लागली तसं डोळ्यांवरचं फडकं नि तोंडाची पट्टी काढून लांडगिणीला छपराच्या कोपऱ्यात घोंगडीखाली ठेवलं आणि दार पुन्हा बसवून पुरुष माणसं बाहेर गेली. थोरली तिथेच बसून राहिली. घोंगडीसाठी बसली आहे असं तिने सांगितलं. दुपारी लांडगिणीने मान उचलली, तिच्याकडे पाहिलं, उठायला गेली आणि मागचा भाग फरफटला. मग बसून आपलं पोट हुंगू लागली. हुंगत राहिली, हुंगत राहिली. थोरलीला वाटलं, कुणीतरी हिला सांगायला हवं.

ऊन कलल्यावर दार उघडलं. लांडगीण भिंतीला घासत बाहेर पडली आणि चढाला लागली. वर कड्यावर नर दिवसभर येरझाऱ्या घालत होता. ती पोचल्यावर त्याने तिचं तोंड चाटलं आणि दोघं पलीकडे उतरली.

*

थंडीचे पहिले दिवस बरे गेले. मेंढ्या विऊ लागल्या आणि घरात कुणाला मान वर करायला उसंत उरली नाही. दिराची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, तेव्हा बाईमाणूस एकटी थोरली. अडलेल्या मेंढीत हात घालायचा तो तिनेच, कारण तिचा हात लहान. कोपरापर्यंत आत हात, गाल मेंढीच्या ओल्या लोकरीला टेकलेला, आणि आत बोटांनी चाचपडत पाय कुठला नि मान कुठली ते ठरवायचं. एका मेंढीचं कोकरू मेलेलं निघालं आणि दुसरीकडे एक आईवेगळं पडलं होतं. नवऱ्याने मेलेल्याचं कातडं सोलून जिवंताच्या अंगावर चढवलं. मेंढीने हुंगलं, शंका घेतली, पुन्हा हुंगलं आणि पाजायला उभी राहिली.

"बघा, कशी फसली," धाकटा म्हणाला.

"फसली नाही," थोरली म्हणाली. "तिने मानून घेतलं."

त्याच दिवसांत लांडग्यांची जोडी माळावर उघड दिसू लागली. नर तिच्या शेपटाशी, एक पाऊल मागे नाही. दोघांच्या पावलांचे ठसे ओल्या मातीवर शेजारी शेजारी उमटायचे. एकदा दोघं जुळलेली धाकट्याने पाहिली आणि घरी येऊन साग्रसंगीत सांगितलं. नवरा-बायको खुशाल आहेत म्हणाला, पाळण्याचा तेवढा खर्च वाचला. सासऱ्यांनी त्याला दटावलं. थोरलीचा नवरा जेवणावरून उठून गेला. थोरली भांडी घासत होती. तिच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं, की दोराच तो. सुटायचा असला तर सुटेलही.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. पण त्यानंतर कळप घेऊन वर गेली की तिची नजर आधी उतरणीवर जायची. लांडगीण दिसली की पोटाकडे बघायची. आपल्या वयाच्या बाईने असल्या गोष्टीकडे टक लावून बसावं याची तिची तिलाच लाज वाटायची, आणि तरी ती बघायचीच.

थंडी सरली. कोकरं उड्या मारू लागली आणि मागल्या सालासारखी एकामागून एक गेली नाहीत. दोन-चार गेली, तेवढी दर साली जातात. सासरे म्हणाले, बाईने काम चोख केलं. आणि मग एका दुपारी थोरली ओढ्याच्या वळणावर पाणी भरत असताना पलीकडच्या काठावर लांडगीण पाणी प्यायला आली. वाकली तेव्हा पोटाखालचं सगळं दिसलं. सड भरून खाली आलेले, भोवतालचे केस उपटलेले. नाकावर नि पुढच्या पायांवर तांबडी माती. पाणी प्यायली आणि सरळ उतरणीवरल्या मोठ्या खडकाखाली गेली. तिथे उकरलेल्या मातीचा ताजा ढीग होता. थोड्या वेळाने नर आला, बिळाच्या तोंडाशी मान खाली घालून पोटातलं मांस ओकला आणि बाजूला सरला. आतून ती अर्धी बाहेर आली, खाल्लं आणि पुन्हा आत गेली.

थोरली हंडा पाण्यात तसाच सोडून काठावर बसली. तिला हसू येत होतं. एकटीच हसत होती, पदर तोंडाला लावून, पोरीबाळी हसतात तशी. सुटला होता दोरा. बाईने चीर घेतली, टाके घातले, तिचं वागणं तसंच राहील म्हणाली, आणि हिने सगळ्यांच्या हातावर तुरी दिल्या.

घरी जेवताना ती बोलली. खबर द्यावी म्हणून नाही. शेजारची लेक बाळंत झाली असं सांगावं तशी बोलली. "लांडगीण व्यायली," ती म्हणाली. "सड दुधाने भरले आहेत. खडकाखाली बीळ केलंय, नर आणून घालतोय." आणि पुन्हा हसली.

कुणीच हसलं नाही. नवऱ्याचा हात ताटात थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण त्याने मान खाली घातली.

"म्हणजे आपल्याला बनवलं," धाकटा म्हणाला.

मग बोलणं धाकट्याच्या नि सासऱ्यांच्या हातात गेलं. पिल्लं आता लहान आहेत, चालती झाली की मागल्या सालासारखंच होणार. धाकट्याने डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या दौऱ्यावर आहेत, आठवड्याने येतील, असं कुणीतरी सांगितलं. सासऱ्यांनी जुनी रीत काढली. बीळ धुरवायचं, आई बाहेर पळते, तिला जाऊ द्यायचं. मग खणून पिल्लं काढायची आणि एक आत ठेवायचं. एकासाठी आई जागा सोडत नाही, आणि एकाची भूक कळपाला जड होत नाही. आई मरत नाही म्हणजे बंदीही मोडत नाही, असं त्यांचं गणित.

थोरलीला आपण काय केलं ते तेव्हा कळलं. ती म्हणाली, असू दे, कोकरं तर जात नाहीयेत. धाकटा म्हणाला, वहिनी, आज जात नाहीत. तिने नवऱ्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत तिने त्याच्यापाशी काही मागितलं नव्हतं.

"डॉक्टरबाई येईपर्यंत थांबा," ती म्हणाली. "एवढंच ऐका माझं."

"बघू," तो म्हणाला.

सकाळी एक कोकरू कमी निघालं. लांडग्याने नेलं की कोल्ह्याने, कुणी पाहिलं नव्हतं. पण धाकट्याने कुदळ काढली, सासऱ्यांनी ओलं गवत बांधून घेतलं, आणि नवरा त्यांच्या मागे निघाला. तिला कळपापाशी राहायला सांगितलं.

माळावरून तिला खडक दिसत नव्हता, धूर दिसत होता. आधी पातळ, मग ओल्या गवताचा पिवळट, जाड. वारा पडलेला, त्यामुळे धूर हलत नव्हता. आता ती बाहेर पडेल, आता पळेल, म्हणून थोरली उतरणीकडे डोळे लावून उभी राहिली. लांडगीण कुठून पळताना दिसली नाही. दुसऱ्या अंगाने गेली असेल, असं तिने मनाला समजावलं. मेंढरं चरत पुढे गेली तरी ती तिथेच उभी होती.

माणसं परतली तेव्हा दिवस मावळतीला आला होता. धाकट्याच्या खांद्यावर कुदळ, बगलेत रिकामं पोतं. एरवी अशा कामावरून आला की त्याची बडबड अर्ध्या कोसावरून ऐकू यायची. आज तो सरळ वाडग्यात जाऊन खुंट्या ठोकत बसला. सासरे भिंतीला टेकून बसले, त्यांनी पाणीही मागितलं नाही. नवरा हात धूत होता. माती कधीच निघाली होती, तरी धूत होता.

"किती होती?" तिने विचारलं.

"चार."

"आणि?"

"एक ठेवलं आत."

"ती?"

"पळाली," तो म्हणाला. "येईल परत. एक आहे ना आत."

रिकामं पोतं तिने पाहिलं होतं, पण पिल्लं तिथेच पुरली असतील. तिने आणखी विचारलं नाही. तीन गेली, तिला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण एक होतं. एक पुष्कळ झालं. अंथरुणावर पडल्यावर ती त्या एकाचाच विचार करत राहिली. डोळे उघडले असतील का, एकटं पडल्यावर कसं निजत असेल. सासऱ्यांची जुनी रीत तिला त्या दिवशी पहिल्यांदा शहाणपणाची वाटली.

सकाळी मेंढरं सोडण्याआधी ती खडकाकडे गेली. फक्त लांबून पाहून यायचं होतं.

बीळ उभं फाडलेलं होतं. तोंडाशी जळक्या गवताची राख, आणि राखेच्या अलीकडे ओकलेल्या मांसाचा गोळा, ओला, ताजा. नर पहाटे येऊन गेला होता. थोरली वाकून आत बघू लागली. आत माती थापून गुळगुळीत केलेली होती आणि कोपऱ्यात केसांचं अंथरूण. पोटाचे मऊ केस, उपटून उपटून रचलेले. त्यावर एका मोठ्या अंगाचा खळगा. बारीक पावलाचा ठसा एकही नाही, घाण नाही, चोखून टाकलेलं हाड नाही. पिल्लाचा जो एक आंबूस वास असतो तोही नाही. तिने हात घालून ते अंथरूण चाचपलं, जसा मेंढीत घालते तसा. हाताला काही लागलं नाही.

खडकाच्या पलीकडे दगडांचा ढीग होता, घाईने रचलेला. दगडांतून शेपटीचं टोक दिसत होतं.

मागे पावलं वाजली. नवरा होता. तो तिच्यापासून थोडा दूर उभा राहिला.

"बाहेर आलीच नाही ती," तो म्हणाला. "आई पळते नेहमी. ही नाही पळाली. आम्हाला वाटलं, पोरांना सोडवत नसेल. खूप पोरं असतील म्हणून आणखी गवत घातलं." जरा वेळाने म्हणाला, "खणलं तर आत पोर एकही नव्हतं, त्या मोकळ्या जागेला वेटोळं करून पडली होती."

थोरली हाताला चिकटलेले केस वेचत राहिली.

"बाबा म्हणतात, आता डोंगर मोकळा झाला. लेकी वितील, उपरे येतील. पुढलं साल आपलं नाही." त्याने पायानेच एक दगड ढिगाकडे सरकवला. "तुला खरं सांगवेना. एक आहे म्हटल्यावर तुला जरा बरं वाटलं असतं."

"दूध होतं ना तिला?" थोरलीने विचारलं.

"होतं."

"मलाही होतं." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "पोराला पुरून आलात तुम्ही, त्यानंतर कितीतरी दिवस. फडकं आवळून बांधायचे तरी भिजायचं. मेंढरांत गेले नि कोकरू ओरडलं की यायचं. पोर नसताना दूध येतं हे साऱ्या जगाला नसेल ठाऊक, मला ठाऊक होतं. आणि मीच दूध बघून नाचत घरी आले. मीच सांगितलं."

तो खाली बसला. हातात आला तो एक दगड घेऊन त्यावरची माती अंगठ्याने पुसू लागला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुझं फडकं. पहाटे उठून धुवायचीस, मी जागा असायचो." अंगठा दगडावर फिरतच होता. "परवा जेवताना तू सांगितलंस तेव्हा आधी तेच आठवलं. मनात आलं, हिचंही तसंच असेल, पोर नाही नि दूध खरं. खात्री नव्हती, पण आलं मनात."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने दगड खाली ठेवला.

"तू हसत होतीस," तो म्हणाला. "मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. ते दूध तुझ्यासारखं आहे, हे तुला तोंडावर कसं सांगू?"

खालून वाडग्यातली मेंढरं ओरडू लागली होती. त्यांना सोडायची वेळ टळून गेली होती. थोरलीने पदराने तोंड पुसलं आणि दगडांच्या ढिगाशी जाऊन बसली. शेपटी झाकली गेली नव्हती. ती एकेक दगड वेचून त्याच्या हातात देऊ लागली आणि तो नीट बसवून रचू लागला. वर कड्यावर नर येऊन बसला होता आणि ही माणसं कधी जातात याची वाट पाहत होता.